मांडवाला फुटली पालवी

लग्न वैशाखात झालं. भादवा लागला तरी कमळाकरच्या अंगणातला मांडव उभाच होता. नुसता उभा असता तर एक वेळ चाललं असतं, पण तो वाढत होता.

यात मांडवाचा काही दोष नव्हता. लेकाच्या, दिपेशच्या लग्नाला शहापूरहून पाइपांचा, झालरीबिलरी लावलेला मांडव आणायचा असं पोरांनी ठरवलं होतं. कमळाकरने ते मोडीत काढलं. "पाइपाला काय हळद लावू? माझ्या बापानं ओल्या लाकडाचा मांडव घातला, मी पण तोच घालणार." मग त्याने खांबांना म्हणून बांधावरच्या उंदीरमारीच्या हिरव्या मेढी तोडून आणल्या. मुहूर्ताची मेढ म्हणून ओढ्याच्या कडेच्या उंबराची फांदी आणून रोवली. उंदीरमारी हे झाड असं की त्याची काठी जमिनीला टेकवून माणूस गप्पा मारत बसला, तर गप्पा संपेपर्यंत मूळ धरायचं. बापाच्या मांडवाला पालवी कशी फुटली नव्हती, हे कमळाकरला आठवत नव्हतं. त्याचं कारण सोपं होतं. बापाने लग्न झाल्यावर मांडव उतरवला होता.

कमळाकरने उतरवला नाही. गावच्या नळपाणी योजनेचा पंप चालू-बंद करणं हे त्याचं काम. सकाळी बटण दाबायचं, दुपारी बंद करायचं, मधल्या वेळात गावाला सल्ले द्यायचे. एवढ्या कामातून मांडवाला सवड कुठली? "काढतो गो उद्या" म्हणत वैशाख गेला. "सावली हाय, राहू दे" म्हणत जेठ गेला. मग पाऊस लागला आणि छपराचा पाला कुजून खाली आला. मेढी मात्र खाली यायला तयार नव्हत्या. त्यांनी मुळं सोडली, फांद्या काढल्या, आणि शेणव्याच्या रस्त्याने जाणारे लोक एसटीच्या खिडकीतून डोकं काढून बघू लागले.

गीताबाईच्या जिवाची नुसती तलखी होत होती. नवऱ्याच्या आळसाची तिला सवय होती, पण हे अंगण तिने वेगळ्याच कामासाठी मनात धरून ठेवलं होतं. लग्न होऊन आल्यापासून तिने भात झोडलं ते थोरल्या जावेच्या, बाईजाच्या खळ्यात. बाईजाचं खळं मोठं आणि तोंड त्याहून मोठं. दरवर्षी भारे घेऊन गेलं की ती ओट्यावर पाय पसरून सांगायची, "झोड गो गीता, झोड. माझंच खळं हाय, कोन काय बोलतंय तुला." असं बोलून घेत घेत गीताबाईचे केस पांढरे झाले. यंदा लग्नाआधी जुना गोठा पाडला, अंगण ऐसपैस झालं, आणि तिने दिपेशच्या लग्नात जेवणाच्या प्रत्येक पंगतीत जाऊन सांगितलं, "यंदाचं भात माझ्या खळ्यात." आता भात पोटरीला आलं होतं आणि खळ्यात रान माजलं होतं.

बाईजा रोज सकाळी येऊन पाहून जायची. "काय गो गीता, खळ्यात यंदा भात झोडतेस का गुरं चारतेस?"

शेवटी गीताबाईने पदर खोचला. कोयता घेतला आणि एका सकाळी उंदीरमारीची प्रत्येक मेढ जमिनीसरशी छाटून टाकली. कमळाकर दारात उभा राहून म्हणाला, "मुळापासून काढायला लागंल. छाटून काय व्हतंय?"

"मग काढा ना."

"उद्या काढतो."

पुढच्या आठवड्यात एका बुंध्यातून पाच-पाच कोंब आले. पूर्वी अंगणात मेढी होत्या, आता झुडपं झाली. कुणीतरी सांगितलं की बुंध्यावर खडेमीठ घाला, मुळं जळतात. गीताबाईने आटगावच्या बाजारातून पिशवी भरून खडेमीठ आणलं आणि बुंधान्‌बुंधा माखला. मुळं जळली की नाही ते कळलंच नाही, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे बाईजाची गाय, तिची पाडी आणि शेजारच्या कुंडलिकाचे दोन बैल अंगणात रांगेने मीठ चाटत उभे होते. त्यांना हाकलताना पाडीने पायरीचा दगड पाडला आणि एका बैलाने तुळशीची कुंडी शिंगावर घेतली.

"अवो, उठा की!" गीताबाई ओरडली.

"गुरांना मीठ लागतंच गो," कमळाकर अंथरुणातून म्हणाला. "चांगलं असतंय त्यांना."

त्या दिवशी गीताबाईने नवऱ्याचा नाद सोडला. तिने गावात खणायची कामं करणाऱ्या विठूला बोलावलं. विठूने टिकाव खांद्यावर टाकून अंगणाला एक फेरी मारली, चहा घेतला, दुसरा घेतला, आणि उंबरापाशी येऊन थांबला. उंबर आता छातीएवढा झाला होता. पानं कशी तुकतुकीत. आणि त्याच्या बुंध्याला कुणीतरी हळदकुंकू लावलं होतं.

"ह्ये कुणी लावलंय?" गीताबाईने विचारलं.

कुणी ते विचारायची गरज नव्हती. बाईजाच्या हाताची बोटं अजून पिवळी होती.

"वैनी, बाकीचं काढतो," विठू म्हणाला. "पण उंबराला हात नाय लावणार. एक तर उंबर, त्यात लग्नाची मेढ. मेढ उपटली की पोरांचा संसार उपटतोय. माझ्या डोक्यावर नको." आणि तो टिकाव घेऊन गेला. उंदीरमारीलाही त्याने हात लावला नाही. चहा मात्र दोन झाले होते.

संसार उपटतो ही गोष्ट बाईजाने गावभर आधीच पेरून ठेवली होती. ती तर उंदीरमारीपेक्षाही वेगाने वाढली. नळावर, गिरणीत, जिथे जावं तिथे बायका गीताबाईला बाजूला घेऊन सांगू लागल्या, "नको गो काढू. सून नवी हाय. काय झालं-गेलं तर तुझ्या नावावर येईल." रागाच्या खाली गीताबाईला भीतीही वाटत होती. पोराच्या संसाराची भीती कुणाला वाटत नाही? रात्रीचं जेवण वाढताना ती सुनेच्या तोंडाकडे बघायची.

सून कुणाली म्हसा गावची. तिथल्या जत्रेत वाढलेली पोरगी, तिला आवाज आणि गर्दी यांची भीती नाही. तिने एकदा भाकरी थापता थापताच विचारलं, "आई, त्या झाडाचं काय ठरलं?"

"तू सांग. तुझ्या लग्नाची मेढ हाय ती."

"माझं लगीन दिपेशशी झालंय. झाडाशी नाय. उपटा."

एवढा आधार गीताबाईला पुरला. तिने दिपेशला फोन लावला. दिपेश कल्याणला मोबाइलच्या दुकानात. तो म्हणाला, "आई, टाइम नको घालवू. जेसीबी सांगतो. अक्षयचा हाय, अर्ध्या तासात साफ."

शनिवारी अक्षयचा जेसीबी गुरगुरत अंगणात शिरला. शिरताना त्याने कुंपणाचा कोपरा घेतला, पण ते ठरल्याप्रमाणेच होतं असं दाखवून अक्षय खाली उतरला. त्याने उंबराला आधी नमस्कार केला आणि म्हणाला, "काकी, उंबर सोडून सगळं काढतो."

"तू पण?"

"गाडी बँकेची हाय, काकी. रिस्क नको."

उंदीरमारी मात्र त्याने खरोखर काढली. एकेक बुंधा मुळांच्या जटांसकट वर येत होता, आणि गीताबाई प्रत्येक बुंधा बाहेर आला की "हा गेला!" असं ओरडत होती. कित्येक महिन्यांत तिच्या तोंडावर एवढा आनंद कुणी पाहिला नव्हता. ओट्यावर बाईजा बसली होती, कामाला नव्हे, बघायला. शेवटचा बुंधा उंबराला चिकटून होता. अक्षयने बकेट खाली घातली आणि उचलली. बुंधा वर आला, त्याच्याबरोबर काळं लांबलचक काहीतरी वर आलं, 'फट्' असा आवाज झाला, आणि उंबराच्या पायाशी पाण्याचा फवारा उडाला. चांगला पुरुषभर उंच.

बाईजा ओट्यावरून उठलीच. "उंबराखाली पानी! अगो बाय, दत्तगुरू परगटला!"

उंबराच्या मुळाशी पाणी असतं हे त्या भागात शाळेतल्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे कुणाला फार नवल वाटलं नाही, सगळ्यांनी सरळ हात जोडले. अक्षयने जेसीबी बंद केला, चपला काढल्या आणि पायावर पाणी पडतंय तिथेच उभा राहिला. आळीतल्या बायका हंडे घेऊन धावत आल्या. एक म्हणजे देवाचं पाणी, आणि दुसरं म्हणजे त्याच क्षणी गावातले सगळे नळ कोरडे पडले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं हंडा भरताना कुणाच्या मनात आलं नाही.

नळ गेले म्हणून कमळाकर पंपावरून पळत आला. त्याने आधी उंबर पाहिला. मग फुटलेला काळा पाइप पाहिला. तो त्याला चांगला ओळखत होता. लग्नात मोरीला नळ हवा म्हणून गावाच्या लाइनीवरून, पंचायतीला न विचारता, वीतभर खोलीवरून त्यानेच तो टाकला होता. मग त्याने जमलेलं गाव पाहिलं. आणि हात जोडले.

"दत्ताची कृपा," तो म्हणाला, आणि गर्दीतून मागच्या मागे निघून कॉक बंद करून आला.

पाणी थांबलं. "दर्शन देऊन गेले," कुंडलिक म्हणाला. आता पुढचं ठरवायला कुणाला वेळ लागला नाही. इथे चौथरा बांधायचा. दर गुरुवारी आरती. पुढेमागे पत्र्याची शेड. विटा कुंडलिक देणार होता. "काय कमळाकर, जागा तुमची हाय. तुमी बोला."

कमळाकरने छाती भरून श्वास घेतला. आयुष्यभर गावाने त्याला "पाणी कधी सोडतोस रे?" एवढंच विचारलं होतं. आज गाव त्याला 'तुमी' म्हणत होतं. "समाजाचं काम हाय," तो म्हणाला. "मी नाय कसं म्हणू?"

गीताबाई चिखलात घोट्यापर्यंत पाय बुडवून उभी होती. ती आत गेली आणि चुलीपुढे बसली. "गेलं गो माझं खळं," ती सुनेला म्हणाली, आणि तिला खरोखर रडू आलं. "मधोमध चौथरा. आता जन्मभर भारे घेऊन तिच्याच दारात जायचं."

कुणालीने बाहेरून एक हंडा भरून आणला होता. सासूला प्यायला म्हणून तिने तांब्या भरला. गीताबाईने तो तोंडाला लावला आणि तसाच खाली घेतला. तिने परत वास घेतला. डोळे पुसले, नाक पुसलं आणि पुन्हा वास घेतला.

"कुणाली, ह्याला पावडरीचा वास येतोय."

"कसली पावडर?"

"टीसीएलची. तुझा सासरा टाकीत टाकतो ती. रोज हातांना घेऊन घरात येतोय तो वास मी विसरेन व्हय?"

गीताबाई तांब्या घेऊन बाहेर आली ती सरळ बाईजापुढे. "अक्का, तीर्थ घ्या."

बाईजाने भक्तीने ओंजळ पुढे केली, तीर्थ घेतलं, आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"कसं लागतंय?"

"पानी... पानीच हाय," बाईजा म्हणाली. "जरा नळासारखं."

"दत्तगुरू कधीपासून पाण्यात टीसीएल टाकाय लागले?" गीताबाईने गावाला विचारलं. मग तिने पायाने चिखल बाजूला सारला. पाइपाचं फुटकं तोंड वर आलं. त्याचं दुसरं टोक कुठे जातं ते बघायला सगळे वाकले, आणि नजर फिरत फिरत मोरीवरून कमळाकरवर आली. कमळाकर आभाळाकडे बघत होता, जणू पाऊस येतोय का ते पाहायलाच तो आला होता. त्या नळाचा निकाल गावाने ग्रामसभेवर सोडला. 'तुमी'चं पुन्हा 'तू' मात्र तिथल्या तिथे झालं.

पण गाव एवढ्यावर हटणारं नव्हतं. विठू पुढे आला. "वैनी, पानी नळाचं असंल. पण उंबर तर देवाचा हाय का नाय? आणि मेढ तर मेढ हाय का नाय?"

"हाय," गीताबाई म्हणाली.

"मग ती उपटायची नसतेय."

"उपटतंय कोण? मला एक सांगा, हा उंबर इथं आला कसा? आदल्या सांजेला ओढ्यावर जाऊन कुणी त्याच्या पायाशी अक्षता-सुपारी ठेवली? 'देवा, लेकाच्या लग्नाला चल' म्हणून आवतण कुणी दिलं?"

"तूच दिलंस," बाईजा म्हणाली. ती त्या वेळी शेजारीच उभी होती, नाही कसं म्हणणार?

"मग तो कोण झाला? आवतणाचा पाहुणा. लग्नाला आला, मान घेतला, हळद लावून घेतली. आता मला सांगा, लग्नाला आलेला पाहुणा किती दिवस राहतो? तुमी किती दिवस राहिलात? मामा दुसऱ्या दिवशी गेले, आत्या पाचपरतावण करून गेली. सोयरे, व्याही, सगळे गेले. हा एकटाच भादव्यापर्यंत मुक्काम करून बसलाय, आणि वर तुमी त्याला घर बांधून देताय!"

गर्दीत कुणीतरी हसलं. कुंडलिकाने विटांचा विषय मनातल्या मनात मागे घेतला.

"म्हंजे त्याला हाकलणार तू?" बाईजाने शेवटचा खडा टाकून पाहिला.

"हाकलीन कशाला? रीतीनं आणला, रीतीनं बोळवीन. नारळ देईन, ओटी भरीन, वाटेला शिदोरी देईन. जिथून आणला तिथं, त्याच्या आईपाशी नेऊन पोचवीन. पाहुण्याला पोचवलं म्हणून कुणाचा संसार मोडल्याचं ऐकलंय कुणी? मोडतो तो पाहुणा ठेवून घेतल्यावर."

  खरं म्हणजे बोळवण म्हटल्यावर जेवण आलं, वाजंत्री आली. चौथऱ्यापेक्षा हे बरं, असं सगळ्यांनाच वाटू लागलं.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, बोळवण झाली. अक्षय स्वतःहून आला. "उपटायचा नसंल तर काय हरकत नाय," म्हणून त्याने लांबून, हळूहळू, मातीच्या मोठ्या गड्ड्यासकट उंबर उचलला. एकही मूळ तुटू दिलं नाही. कुणालीने ओटी भरली. दिपेशने सुट्टीच्या दिवशी उन्हात उभं राहावं लागल्याबद्दल एकदाच कुरकुर केली आणि बायकोने बघितल्यावर नारळ हातात धरला. जेसीबीच्या बकेटीत गुलालाने माखलेला उंबर, पुढे ताशा, मागे अख्खं गाव, अशी वरात बांधाबांधाने ओढ्याकडे निघाली. बाईजा धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणण्यात पटाईत. मांडवात उंबर आणायचा धवळा तिला येत होता, पण परत न्यायचा धवळा कुणीच रचला नव्हता. मग तिने मुलीच्या पाठवणीचाच धवळा सुरू केला आणि तिसऱ्या कडव्याला तिला स्वतःलाच हुंदका फुटला.

ओढ्याच्या कडेला, जुन्या उंबराजवळ, खड्डा तयार होता. उंबर त्यात उतरला, माती लोटली, पाणी घातलं, नारळ फुटला. कमळाकरने हात झटकले. "चला, झालं एकदाचं."

"थांबा," गीताबाई म्हणाली. "तुमी कुठं चाललात?"

"घरी."

"पाठवणी केली की पोरीबरोबर पाठराखीण देतो का नाय आपण? नव्या जागी एकटं कसं टाकायचं? ह्याला रोज पाणी लागंल. गुरं येतील, डुकरं येतील. कुणीतरी पाठराखा नको?"

गावाने मान डोलावली. रीत ती रीतच.

"माझा पंप?" कमळाकर म्हणाला.

"मी चालू करीन बाबा," कुणाली म्हणाली. "दोनच तर बटणं हायत."

"पण मीच कशाला?"

"मांडव कुणाचा?" गीताबाईने विचारलं. "लग्नात पंगतीपंगतीला 'माझा मांडव, माझा मांडव' करत फिरत व्हतात ना? मग मांडवाला सांभाळा. समोर गुराख्यांची खोप हाय, घोंगडी मी आणलीये. उंबर जगला की या."

हसण्याचा एवढा मोठा आवाज त्या ओढ्याने पूर्वी कधी ऐकला नसेल. कमळाकरने कुंडलिकाकडे पाहिलं, विठूकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. सगळे ताशेवाल्यांच्या मागे लागून परत निघाले होते. अक्षयने तेवढा जाताना हॉर्न दिला.

कमळाकर राहिला. पहिल्या दिवशी रागाने, दुसऱ्या दिवशी लाजेने, आणि मग कामातच. सकाळ-संध्याकाळ घागरी ओतल्या. उन्हात पानं मलूल पडली तेव्हा गोणपाटाची सावली केली. आयुष्यात ज्याने एक मेढ वेळेवर काढली नाही, तो माणूस रोज उठून एका रोपाला कोंब फुटतोय का म्हणून वाकून बघू लागला. घरून कुणाली भाकरी आणून द्यायची आणि बातम्या सांगायची. गावाला पाणी आता वेळेवर येत होतं. ही बातमी तिने दोनदा सांगितली.

इकडे गीताबाईने खड्डे भरले, अंगण चोपलं, पुन्हा पाणी मारून चोपलं. मग दोघी सासूसुनांनी गुडघ्यांवर बसून ते सगळं शेणाने सारवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे बुंधा नाही, कोंब नाही, दगडाचा खडा नाही. सारवून झाल्यावर गीताबाई ओट्यावर बसली आणि नुसती बघत राहिली. बाईजा रस्त्यावरून गेली, थबकली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच काही न सुचून पुढे गेली.

त्याच दुपारी कमळाकर आला. दाढी वाढलेली, घोंगडी खांद्यावर, चपला हातात. अंगणाच्या कडेशी येऊन तो थांबला. सातबाऱ्यावर ते अंगण त्याच्या नावावर होतं. पण ओल्या सारवणाकडे बघत तो तिथेच उभा राहिला. पाऊल उचललं आणि परत ठेवलं.

"येऊ का गो आत?" त्याने विचारलं.

 एवढ्या वर्षांत हा प्रश्न गीताबाईला कुणी विचारला नव्हता. तो जरा वेळ कानात राहू द्यावा असं तिला वाटलं.

"उंबर जगला का?"

"जगला. दोन पानं काढलीत नवी."

"मग या," ती म्हणाली. "मधून नका येऊ पण. ओलं हाय. कडेकडेनं या."

आणि कमळाकर कडेकडेने आला.